सामान्य माणूस म्हणजे कोण? : जॅक्सनकालीन अमेरिकेतील लोकशाही

४ मार्च १८२९ रोजी अँड्र्यू जॅक्सन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. समारंभ संपताच लोकांचा लोंढा अध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. चिखलाच्या बुटांनी लोक उंची खुर्च्यांवर चढले, काचेची भांडी फुटली आणि खुद्द नव्या अध्यक्षांना गर्दीतून कशीबशी वाट काढून निघून जावे लागले. घरंदाज मंडळींना ही झुंडशाहीची नांदी वाटली, तर जॅक्सनच्या चाहत्यांना वाटले की सामान्य माणूस अखेर आपल्या हक्काच्या घरात आला.

इतिहासाच्या पुस्तकांतून या कालखंडाला ‘सामान्य माणसाचे युग’ म्हणतात. परंतु हा सामान्य माणूस म्हणजे नेमका कोण? उघडलेल्या दारातून आत कोण गेले आणि बाहेर कोण राहिले? या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली तयार झाली, पण मताधिकार कोणाला द्यावा हा प्रश्न तिने घटकराज्यांवर सोपविला. बहुतेक राज्यांत मत देण्यासाठी जमीन किंवा ठरावीक मालमत्ता असावी लागे, निदान कर तरी भरावा लागे. ज्याच्या पोटापाण्याची दोरी दुसऱ्याच्या हाती आहे तो स्वतंत्र बुद्धीने मत देऊ शकणार नाही, आणि ज्याचे गावात काही नाही त्याला गावाच्या बऱ्यावाईटाची काळजी काय, अशी यामागची भूमिका होती. थोडक्यात, मत ही भागधारकाने द्यावयाची गोष्ट मानली जात होती.

ही भिंत एका दिवसात पडली नाही. पश्चिमेकडे नवी राज्ये निर्माण झाली. इंडियाना १८१६ साली, इलिनॉय १८१८ साली आणि अलाबामा १८१९ साली संघराज्यात आले. त्यांनी गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट घातलीच नाही. जुन्या राज्यांतील भूमिहीनही प्रश्न विचारू लागले. १८२९ साली व्हर्जिनियातील रिचमंड शहराच्या जमीन नसलेल्या रहिवाशांनी राज्याच्या घटना परिषदेला अर्ज केला. शांततेच्या काळात आम्हांला मतदानापासून दूर ठेवता, मग लढाईच्या वेळी आम्हांला रणांगणावर कसे बोलावता, असा त्यांचा सवाल होता. याला उत्तर देणे सोपे नव्हते. शिवाय निरनिराळ्या पक्षांनाही नवे मतदार हवेच होते. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या घटना परिषदेत जेम्स केंट या विद्वान न्यायाधीशांनी भीती व्यक्त केली की, सर्वांना मत दिले तर गरीब लोक श्रीमंतांच्या मालमत्तेवर डोळा ठेवतील. परंतु परिषदेने त्यांचे ऐकले नाही.

मताधिकाराबरोबरच अध्यक्षाच्या निवडणुकीची पद्धतही बदलली. अमेरिकेचा अध्यक्ष निर्वाचकांकडून निवडला जातो. सुरुवातीला अनेक राज्यांत हे निर्वाचक विधिमंडळच ठरवीत असे. १८२४ साली २४ पैकी १८ राज्यांत जनता ते निवडू लागली होती, तर १८३२ पर्यंत एकट्या साउथ कॅरोलायनामध्ये जुनी पद्धत उरली.

१८२४ ची निवडणूक या दृष्टीने महत्त्वाची आहे. जॅक्सनना ९९, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सना ८४, विल्यम क्रॉफर्डना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ निर्वाचक मते मिळाली. बहुमताला १३१ मते हवी होती. ती कोणालाच नसल्याने निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे क्ले यांच्या पाठिंब्याने अ‍ॅडम्स विजयी झाले आणि पुढे क्ले परराष्ट्रमंत्री झाले! ‘हा सौदा आहे’ अशी ओरड जॅक्सनच्या पक्षाने चार वर्षे चालू ठेवली. १८२४ मध्ये साडेतीन लाखांहून थोडे अधिक लोकांनी मतदान केले होते. १८२८ मध्ये तो आकडा अकरा लाखांवर गेला आणि जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ निर्वाचक मतांनी निवडून आले.

ही वाढ आपोआप झाली नाही. न्यूयॉर्कचे मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्यासारख्या कुशल संघटकांनी गावोगावी समित्या स्थापिल्या, वृत्तपत्रे चालविली, मिरवणुका आणि मेजवान्या घडवून आणल्या. उमेदवाराचे नाव मूठभर पुढाऱ्यांनी बंद दाराआड ठरविण्याऐवजी पक्षाच्या अधिवेशनात ठरू लागले. निवडून आल्यावर सरकारी नोकऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांना वाटण्याची प्रथाही याच काळात जोमाने वाढली. आजच्या लोकशाहीतील कित्येक चांगल्या-वाईट सवयींचे मूळ येथे सापडते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या कालखंडातील बँकेचा झगडा विशेष वाटतो. १८१६ साली वीस वर्षांच्या सनदेने स्थापन झालेल्या सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सचे भांडवल साडेतीन कोटी डॉलर्स होते. त्यातील एक पंचमांश सरकारचे आणि बाकीचे खाजगी भागधारकांचे. सरकारचा पैसा या बँकेत राही. राज्यांतील बँकांच्या नोटा गोळा करून ती त्यांच्याकडे सोन्याचांदीची नाणी मागे, त्यामुळे त्या बँकांना वाटेल तितक्या नोटा काढता येत नसत. म्हणजे मध्यवर्ती बँकेचे काही काम ती करीत होती. परंतु एवढी सत्ता थोड्या श्रीमंतांच्या हाती असावी, हे जॅक्सनना मान्य नव्हते. १० जुलै १८३२ रोजी त्यांनी सनद वाढविण्याचे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले. नकाराचा तो खलिता नावाला काँग्रेससाठी होता. खरे तर तो जनतेसाठी लिहिला होता. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत जॅक्सनना २१९ आणि बँकेचे समर्थक क्ले यांना ४९ निर्वाचक मते पडली. पतपुरवठ्यासारखा किचकट प्रश्न प्रथमच अशा रीतीने जनतेच्या दरबारात गेला.

पुढे काय झाले? १८३३ पासून सरकारी ठेवी निवडक राज्य बँकांत ठेवल्या जाऊ लागल्या. लगाम सुटला, कर्जे वाढली आणि जमिनींची सट्टेबाजी बोकाळली. १८३६ मध्ये सरकारने जमिनीची किंमत सोन्याचांदीतच घेण्याचा हुकूम काढला. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबविले आणि मोठी मंदी आली. इंग्लंडमधील पतटंचाई व कापसाचे घसरलेले भाव हीही तिची कारणे होती. झळ मात्र ज्यांच्या नावाने हा लढा झाला त्या मजुरांना आणि शेतकऱ्यांनाही बसली. बहुमताने धोरण ठरते, पण बँकेची शिल्लक बहुमताने वाढत नाही, हा त्यातला धडा.

१८४० साली विरोधी व्हिग पक्षाने हीच विद्या उलटविली. त्यांचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन हे व्हर्जिनियाच्या सधन घराण्यातले. पण लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत राहणारा साधा माणूस म्हणून त्यांचा प्रचार झाला आणि ते २३४ विरुद्ध ६० निर्वाचक मतांनी निवडून आले. मतदारांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी त्या वेळी मतदान केले. सामान्य माणूस असणे आता इतके मोलाचे ठरले होते की, श्रीमंतालाही त्याचे सोंग घ्यावे लागले.

ही झाली जमेची बाजू. आता नावेची बाजू पाहू. न्यूयॉर्कच्या ज्या परिषदेने गोऱ्या पुरुषांची मालमत्तेची अट उठविली, तिनेच कृष्णवर्णीय पुरुषांना २५० डॉलर्सच्या जमिनीची अट घातली. पूर्वी वरिष्ठ सभागृहासाठी मत देणाऱ्या सर्वांना जी अट होती, तीच एका वर्णापुरती शिल्लक ठेवली. नॉर्थ कॅरोलायनाने १८३५ मध्ये आणि पेन्सिल्व्हेनियाने १८३८ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. दक्षिणेतील लक्षावधी गुलामांचा तर प्रश्नच नव्हता, आणि जॅक्सन स्वतःही गुलामांचे मालक होते. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया व विधवा मत देत असत. १८०७ साली त्यांचा हक्क गेला. १८३० च्या कायद्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचे ठरले आणि १८३८-३९ च्या सक्तीच्या प्रवासात हजारो चेरोकी लोक मृत्युमुखी पडले. त्यांच्या जमिनी ज्यांना हव्या होत्या ते मतदार होते, चेरोकी मतदार नव्हते.

म्हणजे मताची किंमत रद्द झाली नाही, ती मालमत्तेऐवजी वर्णाच्या आणि लिंगाच्या नाण्यात मागितली जाऊ लागली. ती फेडून घ्यायला यादवी युद्ध लागले, १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती लागली, स्त्रियांसाठी १९२० ची एकोणिसावी दुरुस्ती लागली आणि तरीही १९६५ चा मताधिकार कायदा करावा लागला.

याच न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्या वेळी आपल्याकडेही मतदाराची मालमत्ता आणि कर पाहिला जात होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारताने जमीन, शिक्षण, जात, लिंग यांपैकी काहीही न विचारता सर्व प्रौढांना एकदम मत दिले. जे अमेरिकेला टप्प्याटप्प्याने आणि रक्त सांडून मिळाले, ते आपल्याला पहिल्याच निवडणुकीत हाती आले.

म्हणून कोणी ‘सामान्य माणसाचे राज्य’ असे म्हटले की, त्याच्या यादीत कोणाकोणाची नावे आहेत आणि कोणाची वगळली आहेत, हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. १८२९ च्या त्या गर्दीत हा प्रश्न विचारणारे थोडे होते. आपल्याला मात्र तो विचारण्याचा अधिकार मतदानाच्या हक्काबरोबरच मिळालेला आहे.