ओलसर वास्तू, बुरशी आणि श्वासरोग : धूपनाची मर्यादा

वर्षा ऋतूत प्रतिश्याय, कास व श्वास यांचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा नित्य अनुभव आहे. ऋतुस्वभाव म्हणून आपण त्याकडे पाहतो व औषधयोजना करतो. रुग्ण ज्या खोलीत रोज आठ-दहा तास निजतो, तिची चौकशी मात्र क्वचितच होते. ती न केल्यामुळे आमच्या हातून घडलेली एक चूक वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

रुग्णवृत्त

रुग्ण कोकणपट्टीतील आठ वर्षांचा मुलगा. आषाढ लागला की रात्री श्वासवेग, पहाटे शिंका व कोरडा कास. बालरोगतज्ज्ञांनी दिलेला इन्हेलर चालू होता. आम्ही सितोपलादि चूर्ण, कंटकारी अवलेह व पथ्य सांगितले आणि घरात सायंकाळी गुग्गुळ व निंबपत्रांचे धूपन करण्यास सुचविले. तात्पुरता उपशय मिळे; पंधरवड्यात वेग पुन्हा येत. असे दोन पावसाळे गेले. एकदा आई सहज म्हणाली, "घाटावर मामाकडे गेला की याला काही होत नाही." हा उपशय आम्ही आधीच विचारून घ्यावयास हवा होता.

घरी जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. मुलाचा पलंग मोरीच्या भिंतीला लागून होता. आतील नळ झिरपत होता, गिलाव्याचे पोपडे सुटले होते, उशामागे काळपट बुरशी पसरली होती व गादीला कुबट वास येत होता. आमच्या सांगण्यावरून खिडक्या लावून रोज धूर केला जात होता. भिंत ओलीच होती. त्यात आम्ही धुराची भर घातली होती.

आधुनिक संशोधन काय सांगते

अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम इत्यादी बुरशींचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांना वाढण्यास मुख्यतः ओल लागते. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत वाळली नाही तर बुरशी धरू लागते. अ‍ॅस्परजिलस व पेनिसिलियम यांचे बहुतेक बीजाणू 2 ते 5 मायक्रॉनचे असल्याने ते सूक्ष्म श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार, ओल व बुरशी असलेल्या घरांतील रहिवाशांत श्वसनाच्या तक्रारी, दमा व श्वसनमार्गाचे संसर्ग अधिक आढळतात. विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मृत बुरशीही अ‍ॅलर्जी निर्माण करू शकते. म्हणजे धुराने काही बुरशी मेली असे मानले, तरी भिंतीवरचे द्रव्य तेथेच राहते.

याचा अर्थ घर निर्जंतुक करावे असा नव्हे. अमेरिकेतील आमिश व हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आमिश घरांच्या धुळीत जिवाणूजन्य एंडोटॉक्सिन सुमारे सातपट अधिक होते. तरीही त्यांच्या मुलांत दमा पुष्कळच कमी होता. सर्वच जंतू शत्रू नव्हेत. आपले लक्ष्य ओल हे असावे.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात हिक्का-श्वासाच्या हेतूंत रज, धूम व शीत स्थानी वास यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सुश्रुतोक्त गुग्गुळ-अगरु-राळ-वचा-सर्षप-निंबपत्रादी धूपन शस्त्रकर्मानंतरच्या व्रणिताच्या संदर्भात येते. चरकाच्या शारीरस्थानात बालकाच्या अंथरूण-पांघरुणाचे धूपन सांगितले आहे. परंतु तेथे मलिन, जंतुयुक्त वस्त्रे टाकून द्यावीत आणि ते शक्य नसल्यास चांगली धुतलेली, धूपित, शुद्ध व शुष्क करून वापरावीत, असा आदेश आहे. धुणे व वाळविणे आपण विसरलो आणि धूपन तेवढे उचलले. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे सार मानणाऱ्या शास्त्राशी हे सुसंगत नाही.

रुग्णास विचारावयाचे प्रश्न

1. परगावी गेल्यावर त्रास कमी होतो काय?
2. निजण्याच्या खोलीत ओल, पोपडे वा कुबट वास आहे काय?
3. पलंग वा कपाट बाहेरच्या किंवा मोरीच्या भिंतीला टेकले आहे काय?
4. ओले कपडे खोलीतच वाळत घालता काय?
5. घरात धूप, उदबत्ती वा डासांची कॉइल जळते काय?

उपाययोजना

प्रथम गळती थांबवावी. बुरशी कोरडी खरवडू नये, कारण त्याने बीजाणू उडतात. नाकातोंडावर मास्क बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी व भिंत वाळू द्यावी. त्या वेळी रुग्णास घराबाहेर ठेवावे. ओल्या भिंतीवर नुसता रंग देणे व्यर्थ होय. ब्लीचिंग पावडर वापरल्यास ती अ‍ॅसिडात कदापि मिसळू नये. विषारी क्लोरिन वायू सुटतो. श्वासरुग्णाच्या खोलीत धूपन वर्ज्य समजावे. चालू इन्हेलर आपल्या सांगण्यावरून बंद होऊ देऊ नये. रक्तमिश्रित कफ, सततचा ज्वर वा वजनात घट असल्यास त्वरित तज्ज्ञांकडे पाठवावे.

सदर मुलाच्या घरी नळ दुरुस्त झाला, गिलावा नवा केला, गादी बदलली, पलंग हलविला व धूपन थांबविले. पुढील पावसाळ्यात वेग आले, परंतु मोजके. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि नाडी, जिव्हा व मल यांची परीक्षा करताना रुग्णाच्या उशामागची भिंतही विचारात घ्यावी, एवढी विनंती अवश्य करावीशी वाटते. इत्यलम्.