नाताळची गुप्त भेट

(पतिपत्नींकरिता धडा. वाचावयाचे शास्त्रभाग : १ शमुवेल २:१८-२१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, मत्तय ६:१-४)

प्रभूच्या जन्मोत्सवाचा दिवस जवळ येत चालला आहे. लेकरांना काय द्यावे, पाळकसाहेबांना काय द्यावे, पाहुण्यांच्या पानात काय वाढावे, याची चर्चा आपल्या घरोघरी सुरू झाली असेल. परंतु नवऱ्याने बायकोला व बायकोने नवऱ्याला काय द्यावे, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत क्वचितच निघतो. निघाला तर हसण्यावारी जातो. म्हणून या आठवड्याचा धडा आम्ही त्याच विषयास दिला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांच्या घरी दिवाळीचा पाडवा होत असे. त्या दिवशी बायको नवऱ्यास ओवाळी व नवरा तिच्या ताटात काही घाली. ख्रिस्ती झाल्यावर ते ताट आम्ही खाली ठेविले. पण त्याच्या जागी दुसरे काही उचलले का, हे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे. पत्नीला वर्षातून एकदा तरी काही हाती द्यावे ही त्या चालीतील बुद्धी चांगली होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. नाताळच्या भेटीत इतकाच फरक, की येथे देणे दोन्ही बाजूंनी असावे.

आता शास्त्राकडे वळू. हन्ना आपल्या शमुवेलासाठी दरवर्षी एक लहान झगा करून शिलो येथे नेत असे. येथे माता व पुत्र आहेत, पतिपत्नी नव्हेत, हे उपदेशकांनी प्रथमच सांगून टाकावे. तरी या एका वचनात आमच्या विषयाचे बीज आहे. यज्ञाच्या वेळी ती वर्षाकाठी तिकडे जाई, आणि मूल तर वाढत असते. मग झगा बेतावा कोणत्या मापाने? गेल्या वर्षी तो केवढा होता, आता केवढा झाला असेल, बाह्या किती लांब ठेवाव्या, हे तिला घरी बसून मनातल्या मनात मोजावे लागत असले पाहिजे. तेव्हा कापडाला कात्री लागण्यापूर्वीच तिचे अर्धे काम झालेले असे. यापो येथील टबीथेची गोष्टही अशीच. ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिचे गुण वर्णन करून सांगितले नाहीत. तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखविली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दानधर्माविषयी बोलतो, नवराबायकोविषयी नव्हे. पण गाजावाजा न करता देण्याची जी गोडी तो शिकवितो, ती चुलीपाशीही चाखता येते. योसेफ सुतार होता. त्याने मरियेसाठी काय घडविले हे शास्त्र सांगत नाही, आणि शास्त्र जेथे मुके आहे तेथे आम्ही गोष्टी रचू नयेत.

तेव्हा पहिले काम बाजारात जाण्याचे नव्हे, पाहण्याचे आहे. पंधरा दिवस आपल्या जोडीदाराकडे लक्ष देऊन पाहा. रात्री तो पाय पोटाशी घेऊन निजतो काय? विळीचा पाट डुगडुगतो म्हणून ती तो एका पायाने दाबून भाजी चिरते काय? कापूस वेचताना कमरेला बांधावयाच्या झोळीची दोरी तिच्या कातडीला काचते काय? शास्त्राचे पुस्तक पावसात नेताना तो ते सदऱ्याखाली धरतो काय? ज्याला दहा वर्षांच्या संसारात यांपैकी एकही गोष्ट दिसली नाही, त्याने गांधीबागेतील सर्वांत महाग लुगडे आणले तरी तिला कळून येईल की हे कोणालाही देता आले असते.

गांधीबागेचे नाव आलेच आहे, तर त्याविषयी थोडे सांगतो. नागपूरच्या जुन्या वस्तीत, इतवारी व महाल यांच्या शेजारी हा कापडाचा घाऊक बाजार आहे. नागपूर, उमरेड व पवनी येथील कोष्ट्यांच्या मागांवरची रेशीमकाठी लुगडी व धोतरे एके काळी दूरवर जात. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी येथे सुरू झाली. ती गिरणी आता उरली नाही, पण शहराचा कापडाचा व्यापार राहिला. घाऊक बाजारात जितके अधिक घ्यावे तितका भाव उतरतो. एकट्याने एक वार कापड मागण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक ठाण घ्यावे आणि वाटून घ्यावे. मात्र चार घरे एकत्र गेली की गुपित पाचव्या घरी पोहोचते! यासाठी उपदेशक कामानिमित्त शहरात जातील तेव्हा त्यांच्याजवळ पैसे व माप द्यावे. माप घेण्यास युक्ती लागते. वाळत घातलेल्या सदऱ्यावर सुतळी धरून गाठी माराव्या, म्हणजे ज्याचा सदरा त्याला पत्ता लागत नाही. सुती कापड शिवण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते. गडद रंगाच्या कापडाचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. रंग सुटला तर ते पांढऱ्याशेजारी जोडू नये.

नव्या कापडाहून आम्हांस गोधडी अधिक आवडते. डिसेंबरात आमच्या या प्रांतात रात्री चांगलाच गारठा पडतो, आणि गोधडीला पैसा थोडा लागतो. जुनी, मऊ झालेली लुगडी व धोतरे धुऊन चारपाच थर एकावर एक पसरावे, कोपऱ्यांवर दगड ठेवावे, कडा आत दुमडून घ्याव्या आणि बाहेरून आत असा धावदोरा घालीत यावे. वरच्या थराला गांधीबागेतून आणलेले नवे तुकडे जोडले तर शोभा येते. तिच्या लग्नातल्या लुगड्याचा फाटून उरलेला पदर मधल्या थरात घातला, तर तो दिसणार नाही, पण पांघरणाऱ्यास ठाऊक असेल. एवढी मोठी वस्तू एका खोलीच्या घरात लपवावी कोठे? शेजारच्या बहिणीकडे, किंवा उपदेशकाच्या पत्नीकडे. उपदेशकाच्या पत्नीस आम्ही विनवितो, की नाताळपर्यंत तिच्या पेटीत साऱ्या मंडळीची गुपिते असतील, तर तिने तोंडालाही तेच कुलूप लावावे.

ज्या बहिणीस गोधडीइतका वेळ नाही, तिने एका रुमालाच्या कोपऱ्यात त्याच्या नावाचे पहिले अक्षर भरावे. आमच्याकडे पुष्कळ स्त्रिया नवऱ्याचे नाव तोंडाने अजून घेत नाहीत. सुईला ती लाज नसते.

पुरुष म्हणतील, आम्हांला शिवता येत नाही. येत नसेल तर शिकावे. पौल प्रेषित तंबू करीत असे आणि तंबूला सुई लागते. वेचणीच्या झोळीला दोरीऐवजी चार बोटे रुंद पट्टा शिवणे हे एका रात्रीचे काम आहे. विळीला नवा पाट ठोकून पात्याला धार लावून आणणे, चुलीजवळ हाताला येईल अशी फळी बसविणे, यांत खर्च तो काय? या भेटी आदल्या रात्री, ती नाताळच्या भजनास गेली असता, आपापल्या जागी बसवून ठेवाव्या. सकाळी ती चहा टाकावयास जाईल तेव्हा तिचे तिलाच दिसेल. आपण काही बोलू नये.

येथे एक कठीण गोष्ट सांगणे प्राप्त आहे. भेट गुप्त असावी, कर्ज गुप्त नसावे. नवऱ्याने उसनवारीने लुगडे आणावे, तिने ते आनंदाने नेसावे, आणि होळीच्या सुमारास सावकार दारात उभा राहिल्यावर तिला त्याची खरी किंमत कळावी, याला आम्ही भेट म्हणत नाही. तिच्या पाठीमागे तिच्या नावावर ओझे टाकल्यासारखे ते आहे. अमेरिकेतील ओ. हेन्री यांची १९०५ सालची एक प्रसिद्ध कथा आहे. तीत नाताळच्या भेटीसाठी बायको आपले केस विकते व नवरा आपले घड्याळ. कथा गोड आहे, पण दुभती शेळी विकून तिचे अनुकरण कोणी करू नये.

आता ज्यांच्या घरी एकानेच प्रभूला स्वीकारले आहे, त्यांच्यासाठी. अशी घरे आमच्या मंडळ्यांत थोडी नाहीत, आणि नाताळच्या दिवशी त्या घरांतील एकटेपण फार बोचते. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात राहिले होते. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात त्यांचा बराच काळ ताटातुटीत गेला. ज्या पतीने तिला अक्षर शिकविले, त्यानेच तिला हे दुःख दिले. तिने ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात दोन्ही गोष्टी लपविल्या नाहीत. पुढे टिळक ९ मे १९१९ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे सुमारे दहाच अध्याय झाले होते. साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्याच्यासाठी लिहिले तो पाहावयास नव्हता, आणि १९३८ साली ग्रंथ निघाला तेव्हा त्याही नव्हत्या. १९३६ सालीच त्या प्रभूकडे गेल्या होत्या.

म्हणून विश्वासू बंधूंनो, जी पत्नी अद्याप मंडळीत येत नाही, तिला नाताळची भेट आमिष म्हणून देऊ नका. “हे घे आणि उद्या उपासनेस चल,” असे म्हटले की त्या वस्तूचा भाव ठरला. ती आली तरी द्या, न आली तरी द्या. गोधडी दोघींना सारखीच ऊब देते. विश्वासू बहिणींनीही नवऱ्याच्या उशाशी भेट ठेवावी आणि तिच्यात शास्त्रवचनाची चिठ्ठी गुपचूप घालू नये. वाचावेसे वाटेल तेव्हा तो स्वतः पुस्तक मागेल.

उपदेशकांनी हा धडा स्त्रिया व पुरुष वेगवेगळे बसवून शिकवावा, नाहीतर कोणीच आपला बेत सांगणार नाही. सभा रात्री ठेवावी, कारण हे वेचणीचे दिवस आहेत आणि दिवसा घरी कोणी सापडत नाही. ज्यांना गोधडी करावयाची आहे त्यांनी जुनी वस्त्रे याच आठवड्यात धुऊन काढावी. रोज दिव्याशी एक तास बसले तरी तिला महिनाभर लागेल.