मुक्त आणि बंदिस्त आज्ञावली : ग्रामपंचायतीच्या दप्तराचा प्रश्न

मराठवाड्यातील जुन्या दप्तरांकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले गेले ते २०२३ साली. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी शासनाने त्या वर्षी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि विभागातील निजामकालीन कागद पुन्हा एकदा बाहेर निघाले. त्यांतील काही उर्दूत होते, काही मोडीत. कागद जीर्ण झालेले होते आणि ते वाचणारे जाणकार मोजकेच उरले होते. तरीही ते वाचता आले, कारण मोडी लिपी ही कोणा एकाची मालमत्ता नाही. जो शिकेल त्याची ती होते, आणि ती शिकण्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज भासत नाही.

आता याच्या नेमकी उलट स्थिती पाहावी. एखाद्या ग्रामपंचायतीने २००२ साली कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना ८, संगणकावर टंकलिखित करून घेतली आहे, असे समजू. छापील प्रत कोठे तरी गहाळ झाली, पण तबकडी सुरक्षित आहे. ती आजच्या संगणकावर उघडली असता पडद्यावर गावकऱ्यांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची खिचडी दिसू लागते. कागद शंभर वर्षांनी वाचता येतो आणि तबकडी पंचवीस वर्षांतच मुकी होते, हे विचित्र वाटले तरी राज्यातील असंख्य कार्यालयांच्या अनुभवाचे आहे. संगणकाच्या जगात 'मुक्त' आणि 'बंदिस्त' आज्ञावलींचा जो वाद गेली चार-पाच दशके चालू आहे, त्याचा ग्रामपंचायतीशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर या मुक्या तबकडीत आहे.

वादाचा उगम

संगणकाला काम सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. माणूस ती वाचता येईल अशा भाषेत लिहितो. हिला मूळ संहिता म्हणावे. तिचे यंत्राला कळेल अशा अंकांत रूपांतर होते आणि ग्राहकाच्या हाती बहुधा हे अंकच पडतात. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता तिचा निर्माता स्वतःकडे ठेवतो आणि केवळ वापरण्याचा परवाना विकतो, ती बंदिस्त अथवा स्वामित्वाधीन. जिची मूळ संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते व बदललेली प्रत इतरांना देता येते, ती मुक्त स्रोत आज्ञावली होय.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्याजोगे आहे. १९७६ साली, मायक्रोसॉफ्ट ही कंपनी बाल्यावस्थेत असताना, बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी वापरकर्त्यांना एक अनावृत पत्र लिहिले. आज्ञावलीच्या प्रती फुकट फिरवल्या गेल्या तर ती मेहनतीने तयार करणाऱ्याने पोट कसे भरावे, असा त्याचा आशय होता. यानंतर काही वर्षांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांना उलटा अनुभव आला. तेथील एका नव्या छपाई यंत्रात कागद वारंवार अडकत असे. आज्ञावलीत सुधारणा करून हा त्रास कमी करण्याचे कौशल्य स्टॉलमन यांच्यापाशी होते, परंतु मूळ संहिता त्यांना मिळू शकली नाही. १९८३ मध्ये त्यांनी संपूर्णपणे मुक्त अशी संगणक प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिला आणि 'मुक्त स्रोत' हे नाव १९९८ पासून रूढ झाले. पुढे हा सामना बराच कडवट झाला. मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ साली मुक्त आज्ञावलींचे सर्वांत मोठे भांडार असलेले गिटहब विकत घेतले, यावरून वारे किती फिरले ते दिसते. जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांच्या यादीत २०१७ पासून केवळ लिनक्सवर चालणारी यंत्रेच आहेत.

मराठी अक्षरांची कुलपे

या वादाची सर्वांत जवळची झळ महाराष्ट्राला बसली ती मात्र मराठी अक्षरांच्या बाबतीत. संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवतो. इंग्रजीतील मोठ्या 'ए' या अक्षराचा अंक ६५ असा ठरलेला असल्याने तो मजकूर कोणत्याही यंत्रावर तसाच उमटतो. देवनागरीसाठीही भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली होती. पण छापखाने आणि कार्यालये यांची गरज तातडीची होती, आणि ती भागवण्यासाठी निर्मात्यांनी जवळचा मार्ग धरला. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले. एका जागी अर्धा 'क', दुसरीवर काना, तिसरीवर वेलांटी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी ही नावे एके काळी प्रत्येक टंकलेखकाच्या तोंडी होती आणि ज्याची त्याची तुकड्यांची मांडणी निराळी होती. यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच असे. विशिष्ट टंकाचा अंगरखा चढवला तरच तो मराठी दिसे. काही आज्ञावल्या तर संगणकाला 'डोंगल' नावाची किल्ली जोडल्याशिवाय सुरूही होत नसत. किल्ली हरवली की काम थांबले.

या निर्मात्यांना दोष देऊन मोकळे होणे न्यायाचे नाही. मराठी वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, लग्नपत्रिका आणि जिल्हा परिषदांचे अहवाल ज्या काळात संगणकावर आले, त्या काळात ही सोय दुसऱ्या कोणी केलेली नव्हती. त्यांनी अक्षरांची वळणे घडवली, टंकलेखक तयार केले आणि त्याचा मोबदला घेतला. चूक झाली ती ग्राहकाची, आणि त्यातही शासकीय ग्राहकाची. आज्ञावली विकत घेताना दप्तराची किल्ली आपण विक्रेत्याच्या खिशात ठेवीत आहोत, हे ध्यानात घेतले गेले नाही.

या गोंधळातून सुटका झाली ती युनिकोड या जागतिक संकेतामुळे. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा मिळाला. त्यात 'क' चा अंक २३२५, आणि तो हिंगोलीत आणि लंडनमध्ये एकच. या कप्प्यात मराठीचे काही हक्क उशिरा मान्य झाले. 'ॲ' या अक्षराला स्वतःची जागा २००८ साली मिळाली. तोपर्यंत ते 'ऍ' असे लिहून वेळ भागवली जात असे.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण चर्चेत तो नेहमी विसरला जातो. युनिकोड हे मानक आहे, आज्ञावली नव्हे. मानक म्हणजे सर्वांनी पाळावयाचा खुला नियम. बंदिस्त आज्ञावलीही तो पाळू शकते, आणि पाळतेही; विंडोज २००० या प्रणालीपासून देवनागरी युनिकोड आणि 'मंगल' हा टंक मायक्रोसॉफ्टनेच दिला. तेव्हा दप्तर उद्या वाचता यावे एवढीच अपेक्षा असेल, तर खुले मानक पुरेसे आहे. त्यात सुधारणा करण्याचा अधिकारही हवा असेल, तर मूळ संहिता मुक्त असावी लागते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'ल' आणि 'श' ही अक्षरे. त्यांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत आणि शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीच्या वर्णमालेसंबंधी निर्णयही काढला. बंदिस्त टंकात मराठी वळण हवे असेल तर कंपनीला विनंती करून वाट पाहावी लागते. मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झालेल्या गार्गी, लोहित, मुक्ता यांसारख्या टंकांत जाणकार व्यक्ती ते वळण स्वतः घालू शकते आणि सुधारलेला टंक साऱ्या महाराष्ट्राला देऊ शकते. राज्य मराठी विकास संस्थेनेही 'यशोमुद्रा' हा टंक सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे.

दुधाळ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यापुरते पाहिले तर या प्रश्नाचे आणखी एक उदाहरण दाराशीच उभे राहत आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेझर किरण धावतील आणि प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म असा फरक टिपला जाईल. इतका क्षीण संकेत यंत्राच्या गोंगाटातून वेगळा काढण्याचे काम सर्वस्वी आज्ञावलींवर अवलंबून असते. अपेक्षित लहरींचे नमुने आधी गणिताने तयार करून ते निरीक्षणाशी ताडून पाहण्याच्या पद्धतीचा पाया पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास घातला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय.

ही छाननी करणाऱ्या प्रमुख आज्ञावल्या, उदाहरणार्थ 'पाय-सीबीसी', मुक्त आहेत. त्यामागे औदार्याहून व्यवहार अधिक आहे. १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, असा दावा कोणी केला तर इतरांनी तो पायरीपायरीने तपासला पाहिजे. गणित झाकून ठेवले तर तपासणार कसे? अमेरिकेतील लायगोने ११ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिला शोध जाहीर केला, त्याच वेळी त्या संकेताची मोजमापेही सर्वांसाठी खुली केली. हिंगोलीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आजही ती उतरवून घेऊन तोच हिशेब स्वतः करून पाहू शकतो.

पण मुक्ततेच्या पुरस्कर्त्यांनी पुढील गोष्टही लक्षात घ्यावी. अमेरिकेतील लायगोच्या आरशांचे नियंत्रण करणाऱ्या व्यवस्थेचा आराखडा मॅटलॅब या बंदिस्त आज्ञावलीच्या सहाय्याने रेखाटला जातो, आणि त्यावरून तयार होणाऱ्या सूचना लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत धावतात. जेथे बाजारात उत्तम अवजार तयार मिळते तेथे ते विकत घ्यावयाचे. पण निरीक्षणे आणि त्यांचा हिशेब मात्र कोणाच्या कुलपात ठेवावयाचा नाही, अशी ही कामाची विभागणी आहे. तालुक्याच्या कार्यालयालाही ती लागू करता येण्यासारखी आहे.

खरेदीच्या वेळी

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनातील खुल्या मानकांसंबंधी आणि मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींच्या अंगीकारासंबंधी धोरण जाहीर केले. दुसऱ्या धोरणाने बंदिस्त आज्ञावलींवर बंदी घातलेली नाही. निविदा मागवताना मुक्त पर्यायाचा विचार अनिवार्य केला, आणि दोहोंची तुलना क्षमता, सुरक्षितता व दीर्घकालीन खर्च या कसोट्यांवर करावी असे सांगितले. व्यवहारात ही तुलना पुष्कळदा पहिल्या वर्षाच्या किमतीवरच थांबते. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळणार, ती दुसऱ्या आज्ञावलीत भरता येणार का, आणि विक्रेत्याने धंदा बंद केल्यास मूळ संहिता कोणाकडे राहणार, हे प्रश्न निविदेतच यावयास हवेत. करार झाल्यानंतर विचारल्यास त्यांना उत्तर मिळत नाही, केवळ दरपत्रक मिळते.

मुक्त म्हणजे फुकट, हा समजही महागात पडतो. परवान्याचा खर्च वाचला तरी प्रशिक्षण, देखभाल आणि दुरुस्ती यांचा खर्च राहतोच. जर्मनीतील म्युनिच शहराने २००३ मध्ये नगरपालिकेचे संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले, वर्षानुवर्षे खपून ते काम पुरे केले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. आपल्याकडील अडचण याहून साधी असते. प्रणाली मुक्त बसवावी, आणि छपाई यंत्र, अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण किंवा अंकीय स्वाक्षरीची किल्ली तिच्यावर चालू नये! म्हणून उपकरणे आधी तपासावीत आणि प्रणाली नंतर बदलावी, हा क्रम सोडू नये.

शाळांची स्थिती थोडी निराळी आहे. शिक्षक ज्या 'दीक्षा' मंचाचा वापर करतात आणि ज्याचे संकेतचौकट बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेले असतात, तो 'सनबर्ड' या मुक्त स्रोत आज्ञावलीवर उभा आहे. म्हणजे मुक्त आज्ञावली वर्गात केव्हाच पोहोचली आहे. दुसरीकडे, विंडोज १० या प्रणालीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे थांबली आणि अनेक जुनी यंत्रे पुढच्या आवृत्तीच्या अटीत बसत नाहीत. ही यंत्रे मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती अथवा सीडॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली चालते का, हे एका यंत्रावर पाहण्यास एक दुपार पुरते. केरळने आपले शालेय संगणक-शिक्षण याच मार्गाने मुक्त प्रणालीवर नेले.

सर्वांत निकडीचे काम मात्र जुन्या तबकड्यांचे आहे. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत, पण ती बिनचूक नाहीत. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार आणि जोडाक्षरे यांचीही अशीच उलटापालट होते. परिणामी 'शिंदे', 'मिर्झा', 'कऱ्हाळे' अशी नावे रूपांतरात हमखास बिघडतात, आणि मालमत्तेच्या नोंदीत बिघडलेले नाव म्हणजे पुढे वारसाला घालावे लागणारे हेलपाटे. त्यासाठी रूपांतरित प्रत जुन्या छापील प्रतीशी, आणि ती नसल्यास मूळ टंक बसवलेल्या यंत्राच्या पडद्याशी, ओळीओळीने ताडावी लागते. असे यंत्र बहुतेक कार्यालयांत एखादेच उरलेले असते, तेही कपाटाच्या वर, धूळ खात. निर्लेखनाच्या पुढच्या यादीत त्याचा क्रमांक लागण्यापूर्वी ते एकदा सुरू करून पाहावे.