उसाची ट्रॉली जोडताना: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• ट्रॉली फडात उभी करताच दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. सोडताना ठोकळे आधी लागतात, जोडल्यावर शेवटी निघतात.
• जॅकखाली फूटभर रुंद, जाड फळी ठेवा. पाणी दिलेल्या काळ्या रानात नुसता जॅक भार पडताच रुततो.
• मोळ्या रचताना पुढची बाजू आधी धरा. मागे वजन झाले की दांडी वर उसळते आणि जॅक अधांतरी राहतो.
• ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी दांडी जॅकने हुकाच्या उंचीला आणा. जॅकवर त्या उंचीची रंगाने खूण करून ठेवा, रात्रीच्या खेपेला उपयोगी पडते.
• ट्रॅक्टर मागे घेताना इशारा एकाच माणसाने करावा. त्याने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे.
• तेवढा वेळ टेप बंद ठेवा. गाणी कारखान्यापर्यंत वाजणारच आहेत, मदतनिसाची हाक मात्र आत्ताच ऐकू आली पाहिजे.
• ट्रॅक्टर बंद करून, हँडब्रेक ओढून मगच पिन घाला. पिनेला लॉक आणि दांडीला साखळी लावा.
• पिन दर खेपेला हातात घेऊन पाहा. खाच पडली असेल तर ती आजच बदला.
• जॅक पूर्ण वर घ्या किंवा आडवा करून अडकवा. लोंबता जॅक पहिल्याच बांधाला वाकतो.
• रस्त्याला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडा, नाहीतर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर फिरतो.
• मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर पुसा. दुसरी ट्रॉली असेल तर तिचेही पुसा, आणि वाढे लोंबून ते झाकले जात नाहीत ना, हे पाहा.

काय टाळावे

• ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये उभे राहू नका, दांडी हाताने सरकवायलाही नाही.
• पिनेचे भोक जुळले का, हे बोट घालून पाहू नका.
• पिनेऐवजी बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालू नका; ‘एवढी खेप जाऊ दे’ म्हणून घातलेला बोल्ट हंगामभर तिथेच राहतो.
• पिन अडकली तर घण मारू नका. जॅकचे दोन-चार फेरे द्या. भार उतरला की ती हाताने निघते.
• जॅकवर उभ्या ट्रॉलीच्या दांडीखाली शिरू नका, सावलीला बसू तर नकाच.
• दांडीच्या जॅकवर चाक बदलू नका. तो दांडी पेलण्यासाठी आहे, आस उचलण्यासाठी नाही.
• उतारावर ट्रॉली सोडू नका.
• ट्रॉली टॉप लिंकच्या जागी बांधून ओढू नका. ओढ वरून बसली की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालकावरच उलटतो.
• दांडीवर कोणालाही बसवू नका. टोळीतल्या पोरांना तर चालत्या ट्रॉलीजवळही येऊ देऊ नका.
• उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. डिझेल वाचेल असे वाटते, पण भरलेली ट्रॉली मागून ढकलू लागली की नुसत्या ब्रेकवर आवरत नाही.