खिशात पैसे असूनही ॲपलने कर्ज का काढलं?



"पैसे नाहीत म्हणून कर्ज घेतो," असं आपण म्हणतो. पण एप्रिल २०१३ मध्ये ॲपलकडे रोख आणि गुंतवणूक मिळून साधारण १४,५०० कोटी डॉलर होते. तरीही कंपनीने १,७०० कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं. व्हिडिओत आपण गोष्ट पाहिली, इथे हिशोब बघू.

कर्ज कोणाकडून?

बँकेकडून नाही. कंपनीने रोखे, म्हणजे बाँड विकले. रोखा म्हणजे लेखी वचन: आज १,००० डॉलर द्या, दर सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज घ्या, मुदत संपली की १,००० परत. शेअर विकला की मालकीत वाटेकरी येतो. रोखा घेणारा फक्त सावकार. तुमचा नफा दुप्पट झाला तरी त्याला ठरलेलंच व्याज मिळतं. पण धंदा मंद असला तरी ते व्याज द्यावंच लागतं, हेही विसरू नका.

मग घेतलं कशाला?

शेअरधारकांना २०१५ अखेरपर्यंत एकूण १०,००० कोटी डॉलर परत देण्याचं ॲपलने जाहीर केलं होतं. पण तिच्या पैशांपैकी सुमारे १०,२०० कोटी डॉलर अमेरिकेबाहेर होते. ते मायदेशी आणले तर तेव्हाच्या कायद्याने ३५ टक्क्यांपर्यंत कर. ढोबळ हिशोब करा: पूर्ण कर लागला, तर हातात १०० डॉलर यायला सुमारे १५४ आणावे लागणार, ५४ करात जाणार. उलट १० वर्षांच्या रोख्यावर व्याज वर्षाला २.४० टक्के, म्हणजे १०० डॉलरला १० वर्षांत २४ डॉलर. कर्ज स्वस्त पडलं!

खरी शिकवण मुदतीत आहे

सगळं कर्ज एकाच मुदतीचं नव्हतं:

- ३ वर्षे: २५० कोटी डॉलर
- ५ वर्षे: ६०० कोटी
- १० वर्षे: ५५० कोटी
- ३० वर्षे: ३०० कोटी

स्थिर व्याजदर ३ वर्षांना ०.४५ टक्के, तर ३० वर्षांना ३.८५ टक्के. लांब मुदत महाग असते. तरी घेतली, कारण सगळी परतफेड एकदम अंगावर येत नाही.

आता आपल्याकडे या. समजा, तुम्ही ६ लाखांचं मशीन सीसी लिमिटमधून घेतलं. मशीन पैसे कमवून देणार सात-आठ वर्षांत, पण लिमिट आजच भरलं. पुढच्या महिन्यात मोठी ऑर्डर आली, आणि कच्चा माल घ्यायला पैसेच नाहीत! धंदा चांगला असून माणूस अडकतो तो असा. मशीनला टर्म लोन, मालाला आणि उधारीला सीसी. जितकं वस्तूचं आयुष्य, तितकीच कर्जाची मुदत.

आणि हो, "ॲपलने घेतलं, मग मीही घेतो" असं करू नका. तिची पत जवळपास सर्वोच्च होती आणि रोजच्या धंद्यातून भरपूर रोकड येत होती. आपला हप्ता आपल्याच गल्ल्यातून जाणार आहे.

आजचा गृहपाठ: वहीत तीन रकाने आखा: कर्ज कशासाठी, त्यातून पैसा किती महिन्यांत परत येणार, आणि कर्ज किती महिन्यांत फेडायचं. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा लहान निघाला, तर सही करण्याआधी बँकेशी मुदतीबद्दल बोला.