शेतकऱ्याचे सोबती

गाय, बैल, म्हैस, शेळी ही जनावरे आपण नेहमी पाहतो. ती पहिल्यापासून माणसाजवळ राहत होती का? नाही. फार पूर्वी माणूस शिकार करून आणि कंदमुळे खाऊन जगत असे. तेव्हा ही जनावरे रानटी होती.

माणसाजवळ सर्वांत आधी आला तो कुत्रा. पुढे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील लोक शेळ्या-मेंढ्या पाळू लागले. आपल्याकडच्या गाई-बैलांना वशिंड असते. अशी गुरे सुमारे ८,००० वर्षांपूर्वी मेहरगढ येथे पाळली जात होती. हे ठिकाण आज पाकिस्तानात आहे. तेथे सापडलेल्या हाडांवरून हे समजले.

माणूस शांत स्वभावाची जनावरे जवळ ठेवी व त्यांची पिल्ले वाढवी. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि जनावरे माणसाळली.

महाराष्ट्रात दायमाबाद येथे १९७४ साली धातूच्या काही जुन्या मूर्ती जमिनीत सापडल्या. त्यांपैकी एक आहे दोन बैल जुंपलेला रथ! म्हणजे बैलांची आणि आपली मैत्री किती जुनी आहे, पाहा.

जसा प्रदेश, तसे जनावर. माणदेशात पाऊस कमी. तेथील खिलार बैल चपळ आणि काटक असतो. अकोले, इगतपुरी भागात पाऊस फार. तेथील डांगी बैलाची कातडी तेलकट असते, म्हणून तो पावसात टिकतो.

बैल फक्त नांगर ओढत नाही. ज्वारी काढली, की माणूस दाणे घेतो आणि कडबा जनावरांना देतो. जनावरे शेण देतात. शेणाचे खत होते. खत पुन्हा शेतात जाते आणि जमीन कसदार होते. धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तेही लेंडीखतासाठीच. त्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देतो.

दुष्काळात मात्र ही मैत्री संकटात सापडते. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. चारा मिळेना. बैल ठेवावा, तर त्याला घालायचे काय? विकावा, तर पुढच्या वर्षी पेरणी कशाने करायची? असा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहिला.

आता ट्रॅक्टर आले आहेत. काम लवकर होते. पण ट्रॅक्टर शेण देत नाही! २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गुरे आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी कमी भरली. हजारो वर्षांनी जोडलेला हा सोबती एकदा गमावला, तर तो परत कोठून आणणार?

शब्दार्थ
वशिंड – बैलाच्या खांद्यावरचा उंचवटा
काटक – कष्ट सोसणारा
कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे
कसदार – सुपीक

स्वाध्याय
१. डांगी बैल पावसात का टिकतो?
२. कडब्यापासून खतापर्यंतचा प्रवास चार वाक्यांत लिहा.
३. दुष्काळात शेतकऱ्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : रानटी, जुना, शांत.