लडाखची गावे

मुलांनो, भारताच्या नकाशावर अगदी उत्तरेकडे पाहा. हिमालय आणि काराकोरम या प्रचंड पर्वतरांगांच्या प्रदेशात लडाख वसलेले आहे. सन २०१९ पासून तो केंद्रशासित प्रदेश आहे. तेथील मुख्य नगर लेह हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे.

डोंगरमाथ्यांवर बर्फ आहे, तेव्हा तेथे पाण्याची रेलचेल असेल, असे तुम्हांस वाटेल. परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. मोसमी वाऱ्यांनी आणलेले ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच बहुतेक रिते होतात. लेह येथे वर्षाकाठी पाऊस व हिम मिळून सुमारे १०० मिलिमीटरच पाणी पडते. त्यामुळे डोंगर उघडेबोडके दिसतात. सिंधू नदी या प्रदेशातून वाहते खरी. पण तिचे पात्र बहुतेक ठिकाणी शेतांहून खोल आहे. नदी डोळ्यांसमोर आणि शेत मात्र तहानलेले, असा हा प्रकार!

मग माणसाने गाव वसवले तरी कोठे? उंचावरील हिम वितळून त्याचे पाणी ओढ्यांच्या रूपाने खाली येते. ओढा डोंगरातून बाहेर पडतो, तेथे त्याने आणलेला गाळ पंख्याप्रमाणे पसरतो. अशाच जमिनीवर पुष्कळ गावे वसली. सभोवार मातकट डोंगर आणि मध्येच एक हिरवा तुकडा दिसला, की तेथे गाव आहे असे खुशाल समजावे. सातू, गहू व वाटाणा ही तेथील पिके होत. सखल खोऱ्यांत जर्दाळूही पिकतो. भिजणारी जमीन थोडी, म्हणून घरे बहुधा खडकाळ जागी बांधतात. त्यांच्या भिंती उन्हात वाळविलेल्या विटांच्या आणि धाबी सपाट असतात. कोकणातल्यासारखे उतरते छप्पर तेथे लागत नाही. धाब्यावर हिवाळ्यासाठी चारा रचून ठेवतात.

पाणी मोजके असले म्हणजे भांडणास निमित्त लागत नाही. म्हणून अनेक गावांत पाण्याची पाळी ठरविण्यासाठी एक माणूस नेमतात. त्याला चुरपोन म्हणतात. कोणाच्या शेतात पाट केव्हा वळवावयाचा, हे तो सांगतो आणि लहानथोर सर्व ते मानतात.

खरी अडचण पेरणीच्या वेळी येते. तेथील उन्हाळा आखूड असतो. पेरणी लांबली तर थंडीपूर्वी पीक हाती येत नाही. परंतु हिमनद्या फार उंच असल्याने वसंतात ओढे जेमतेम वाहतात. च्यवांग नॉर्फेल नावाच्या अभियंत्याने यावर तोड काढली. हिवाळ्यात वाया जाणारे पाणी त्यांनी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळविले आणि दगडी बांधांनी त्याचा वेग कमी केला. संथ झालेले पाणी थरावर थर गोठत गेले. ही जागा हिमनद्यांहून सखल, म्हणून हा बर्फ लवकर वितळून पेरणीच्या उपयोगी पडू लागला. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे बर्फाच्या रूपाने खरी झाली! सन २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आज पृथ्वीचे तापमान वाढत असून हिमालयातील बहुतेक हिमनद्या मागे हटत आहेत. ओढा आटला तर गावाने जावे कोठे? तेथे पाण्याचा प्रत्येक थेंब जपणे म्हणजे गाव जपणेच होय.

स्वाध्याय
१. सिंधू नदी जवळ असूनही शेतांना तिचे पाणी का मिळत नाही?
२. घरे खडकाळ जागी बांधण्याचे कारण सांगा.
३. तुमच्या गावाला पाणी कोठून येते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.